सतरा मिनिटांची मागची बाजू: मॅरिलियनचं ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ आणि त्यानंतरचा अल्बम

मार्च १९८३ मध्ये ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ हा मॅरिलियन या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम इंग्लंडच्या दुकानांत आला. ज्या गाण्यासाठी लोक त्यांच्या कार्यक्रमांना पुन्हा पुन्हा येत होते, ते ‘ग्रेन्डेल’ त्यावर नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, ते एका बारा इंची तबकडीच्या मागच्या बाजूवर येऊन गेलं होतं. त्या तबकडीचं नाव ज्या गाण्यावरून पडलं ते ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ अल्बमवर नव्हतं, आणि तिच्यावरचं तिसरं गाणं, ‘थ्री बोट्स डाउन फ्रॉम द कँडी’, तेही नव्हतं. पहिली छोटी रेकॉर्ड आणि पहिला अल्बम यांत एकही गाणं सामाईक नाही.

नव्या बँडसाठी हा क्रम उलटा आहे. एक चटपटीत सिंगल काढायचं, ते रेडिओवर वाजलं की त्याच्या जोरावर अल्बम खपवायचा, आणि अल्बमवर ते गाणं ठळकपणे मिरवायचं, अशी कंपन्यांची रीत. मॅरिलियनने आपली तीन ओळखीची गाणी छोट्या रेकॉर्डवर खर्च केली आणि अल्बमला त्यांच्याशिवाय उभं राहू दिलं. प्रोग रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतात, अल्बमच्या आधी ईपी, म्हणजे सिंगलहून मोठी पण अल्बमहून छोटी रेकॉर्ड, काढणारे बँड पुष्कळ आहेत, पण ही युक्ती इतकी स्पष्ट मला दुसरीकडे दिसत नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर पाहू.

बँड कुठे उभा होता

मॅरिलियनची सुरुवात १९७९ सालची, बकिंगहॅमशर परगण्यातल्या एल्सबरी या बाजारपेठेच्या गावातली. ड्रमर मिक पॉइंटर हा संस्थापकांपैकी. गिटारवादक स्टीव्ह रॉदरी त्याच वर्षी आला. डेरेक डिक, म्हणजे ज्याला जग ‘फिश’ म्हणून ओळखतं तो स्कॉटलंडचा उंचापुरा गायक, १९८१ च्या सुरुवातीला आला. मग कीबोर्डवर मार्क केली आणि १९८२ च्या वसंतात बेसवर पीट ट्रेवावस. म्हणजे ईपीवर जो पाच जणांचा संच ऐकू येतो, तो त्या रूपात एकत्र येऊन जेमतेम काही महिने झाले होते.

गाणी मात्र जुनी होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच येतो. क्लब, कॉलेजं, पब असा प्रवास करत बँडने ती इतकी वाजवली होती की प्रेक्षकांना शब्द पाठ होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये बीबीसी रेडिओ १ च्या ‘फ्रायडे रॉक शो’साठी, टॉमी व्हॅन्सच्या कार्यक्रमासाठी, त्यांनी तीन गाणी ध्वनिमुद्रित केली: ‘द वेब’, ‘फॉरगॉटन सन्स’ आणि ‘थ्री बोट्स’. लंडनच्या मार्की क्लबात गर्दी वाढत गेली. त्या वर्षाच्या उत्तरार्धात ईएमआयने करार केला, तेव्हा बँडच्या हातात एका तासाहून जास्त तयार संगीत होतं.

आणि काळ त्यांच्या विरुद्ध होता. पंक या आखूड, रोखठोक रॉकची लाट येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. लांब गाणी, कीबोर्डचे थर, पौराणिक राक्षस, चेहऱ्याला रंग लावून गाणारा गायक, हे सगळं संगीताच्या साप्ताहिकांनी केव्हाच मोडीत काढलं होतं. ईएमआयकडे पिंक फ्लॉइड होता हे खरं. पण आधीच मोठा असलेला बँड सांभाळणं आणि त्याच वळणाचा नवा बँड १९८२ मध्ये बाजारात आणणं यांत फार अंतर आहे.

बारा इंचांचा हिशेब

या प्रकरणातली खरी अडचण मिनिटांची होती.

विनाइलच्या अल्बमची एक बाजू साधारण वीस ते चोवीस मिनिटांची. त्याहून जास्त संगीत कोंबलं की खाचा जवळजवळ येतात, आवाज दबतो, खालचे स्वर पातळ होतात. ‘स्क्रिप्ट’ची एकूण लांबी पावणेसत्तेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. सहा गाणी, प्रत्येक बाजूवर तीन. ‘ही नोज यू नो’ सोडलं तर बाकीची पाच सात ते पावणेनऊ मिनिटांची. म्हणजे दोन्ही बाजू काठोकाठ भरलेल्या.

आता ‘ग्रेन्डेल’ची लांबी सव्वासतरा मिनिटं. ते अल्बमवर घेतलं असतं तर सहापैकी दोन गाणी सरळ बाहेर गेली असती. ‘चेल्सी मंडे’ जावं की ‘द वेब’? ‘फॉरगॉटन सन्स’, उत्तर आयर्लंडमध्ये पाठवलेल्या इंग्लिश पोरांचं ते गाणं, ज्यावर अल्बम संपतो, ते काढावं? यांतलं कोणतंही काढून तो अल्बम माझ्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही.

इथे बारा इंची सिंगल कामाला आलं. १९८२ मध्ये हा आकार मुख्यतः डान्स संगीताचा होता. क्लबमध्ये वाजवायला लांबवलेली मिक्सं, मोठा बेस, रुंद खाचा. ज्या महिन्यात ‘स्क्रिप्ट’ आला, त्याच मार्च १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या बँडचं ‘ब्लू मंडे’ साडेसात मिनिटांच्या बारा इंची तबकडीवर आलं आणि त्या आकाराची ताकद सगळ्यांना कळली. मॅरिलियनने तीच जागा वेगळ्या कारणासाठी वापरली. पुढच्या बाजूवर ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ आणि ‘थ्री बोट्स’, दोन्ही चार-साडेचार मिनिटांची. मागची अख्खी बाजू ‘ग्रेन्डेल’ला. रेडिओसाठी आणि ज्यूकबॉक्ससाठी सात इंची वेगळी होतीच, तिच्यावर फक्त पहिली दोन गाणी. कागदोपत्री ते सिंगल राहिलं. ऐकणाऱ्याच्या हातात सव्वीस मिनिटांची ईपी पडली, सिंगलच्या किमतीत.

आपल्याकडे तबकडीच्या मापाशी झगडा कसा झाला ते आठवलं की या हिशेबाचं महत्त्व चटकन पटतं. अब्दुल करीम खाँसाहेब किंवा केसरबाई केरकर मैफलीत जो राग तासभर मांडत, तो ७८ फिरक्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आणावा लागे, आणि त्यांनी तो आणला. काय ठेवायचं, काय सोडायचं हे त्यांना नेमकं कळत होतं. मॅरिलियनपुढचा प्रश्न त्याच जातीचा, उत्तर मात्र दुसरं. त्यांनी ‘ग्रेन्डेल’ आटवलं नाही. त्यासाठी निराळी तबकडी धरली.

‘ग्रेन्डेल’मध्ये काय आहे, आणि ते अल्बमवर का शोभलं नसतं

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातला ग्रेन्डेल हा राक्षस. रात्री राजवाड्यात शिरून योद्ध्यांना फाडणारा. फिशने गोष्ट राक्षसाच्या बाजूने सांगितली. सुरुवात शांत, दलदलीवरच्या धुक्यासारखी. मग हळूहळू चढत जाणारा क्रोध. शेवटी माणसांवर दात काढून केलेला आरोप की तुम्ही स्वतःला शूर म्हणवता आणि रक्त तुमच्याच हातांवर आहे. रंगमंचावर फिश शिरस्त्राण घालायचा, पुढच्या रांगेतल्या एखाद्याला धरून त्याच्या वधाचा अभिनय करायचा. छोट्या क्लबमध्ये, घामाच्या वासात, हे किती परिणामकारक होत असेल याची कल्पना ध्वनिमुद्रण ऐकूनही येते.

पण या गाण्याची एक ठळक उणीव आहे, आणि ती चाहत्यांनीही मान्य करायला हवी. शेवटच्या भागातली ती ठेचकाळत चालणारी लय आणि तिच्यावरचा ऑर्गन सरळ जेनेसिस या सत्तरच्या दशकातल्या प्रोग बँडच्या ‘सपर्स रेडी’मधल्या ‘अपोकॅलिप्स इन ९/८’ची आठवण करून देतात. आठवण म्हणणंही सौम्य झालं. योगायोग असा की या ईपीचा निर्माता डेव्हिड हिचकॉक. १९७२ मध्ये ज्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बमवर ‘सपर्स रेडी’ आहे, त्याचा निर्माताही हाच. कॅरव्हॅन आणि कॅमल यांचे गाजलेले अल्बमही त्याच्या हातचे. दहा वर्षांपूर्वीचा सूर ज्याने घडवला त्याच्याकडेच नव्या बँडने आपलं सगळ्यांत उसनं वाटणारं गाणं सोपवलं.

म्हणून समजा, ‘ग्रेन्डेल’ पहिल्या अल्बमच्या एका बाजूवर पसरलं असतं. समीक्षकांना एका वाक्यात निकाल लावता आला असता: जेनेसिसची नक्कल. तो आरोप ‘स्क्रिप्ट’वरही झाला, फिशचा आवाज आणि रंगवलेला चेहरा पाहून तो होणारच होता. पण अल्बमवरच्या गाण्यांचे विषय त्या आरोपाला उत्तर देतात. हेरॉइनच्या विळख्यातला तरुण, तुटलेलं प्रेम, श्रीमंतांच्या बागेतली चहापार्टी, लंडनमधली एकटी मुलगी, बेलफास्टच्या रस्त्यावरचा सैनिक. हे ऐंशीच्या दशकातलं ब्रिटन आहे. त्यात सहाव्या शतकातल्या डेन्मार्कचा राक्षस आला असता तर अल्बमचं जग फाटलं असतं.

त्याच १९८३ मध्ये आयक्यू या समकालीन बँडने आपला वीस मिनिटांचा तुकडा, ‘द लास्ट ह्युमन गेटवे’, पहिल्या अल्बमच्या सुरुवातीलाच ठेवला. तो अल्बम मला आवडतो. पण त्याचं वजन त्या एका गाण्याकडे इतकं झुकतं की बाकीची गाणी त्याच्या मागून चालतात. पॅलास या त्याच पिढीतल्या बँडची गोष्ट अधिक दुःखाची. त्यांची अटलांटिसवरची लांब मालिका १९८४ च्या ‘द सेन्टिनेल’वर तुकडे होऊन, अर्धवट आली, चाहत्यांना माहीत असलेली सलग कथा रेकॉर्डवर सापडलीच नाही. मॅरिलियनने आपलं लांब गाणं अखंड दिलं, आणि आधी दिलं. कार्यक्रमांना येणाऱ्यांना त्यांचं गाणं मिळालं, आणि नव्या श्रोत्याला अल्बम त्या गाण्याच्या ओझ्याशिवाय मिळाला.

चौकातला नेता

पुढच्या बाजूचं गाणं अगदी वेगळ्या कामाचं आहे. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथसारख्या वस्त्यांत दंगली उसळल्या होत्या. ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ त्या हवेतून आलं: बाजारचौकात रिकामी बसलेली पोरं, आणि त्यांना गोळा करून चेतवणारा एक पुढारी. एल्सबरीचा बाजारचौक बँडच्या रोजच्या पायाखालचा. चाल जिग या जलद लोकनाचासारखी उड्या मारणारी, टाळी द्यायला लावणारी, पण शब्द ऐकले की हा पुढारी पोरांना कुठे नेणार याची धास्ती वाटते. मला या गाण्यात हाच भाग मोलाचा वाटतो. नाचता नाचता आपण कोणाच्या मागे चाललोय हे कळत नाही.

गाण्यात हा पुढारी स्वतःला ‘अँटीख्राइस्ट’, म्हणजे ख्रिस्ताचा शत्रू, म्हणवतो. रेडिओवर हा शब्द खपणार नाही हे दिसल्यावर त्या जागी ‘बॅटल प्रीस्ट’ गाऊन दुसरी आवृत्ती केली. कंपनीच्या दृष्टीने गाण्याचं काम एवढंच होतं, रेडिओवर वाजणं. ते काम जेमतेम झालं. ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत ते तेव्हा ६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. आकड्यांकडेच पाहणाऱ्याने याला अपयश म्हटलं असतं. पण ६० वा क्रमांक गाठायला जे लोक दुकानात गेले, ते आवाज कानावर पडला म्हणून गेलेले नव्हते. ते मार्कीत रांग लावणारे, एडिनबरापासून प्लिमथपर्यंत बँडच्या मागे फिरणारे लोक होते. पहिल्या रेकॉर्डचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं, आणि मागच्या बाजूवर त्यांना हवं ते मिळालं.

‘थ्री बोट्स’बद्दल मला थोडं वाईट वाटतं. एका रात्रीच्या भेटीनंतरची शरम आणि किनाऱ्यावरची थंडी त्यात आहे, रॉदरीची गिटार त्यात सुंदर आहे. बीबीसीच्या त्या तीन गाण्यांपैकी दोन अल्बमवर गेली, हे मागे राहिलं. जागेच्या हिशेबात कुणाला तरी मागे राहावंच लागतं. पुढे इतर गाण्यांच्या गर्दीत ते बरेच जण विसरले.

अपघात

हिचकॉकच अल्बमही करणार होता. पण ईपीचं काम संपल्यानंतर त्याला मोटार अपघात झाला आणि तो जखमी झाला. ईएमआयने ही संधी साधून निर्माता बदलला आणि निक टॉबरला आणलं. त्याआधी टोया या न्यू वेव्ह गायिकेच्या यशस्वी रेकॉर्ड त्याने केल्या होत्या. एका माणसाच्या दुखापतीतून दुसऱ्याचा फायदा झाला असं लिहायला बरं वाटत नाही. पण दोन रेकॉर्ड एकामागून एक ऐकल्या की फरक कानांना चुकवता येत नाही.

ईपीचा आवाज बुटका आहे. ड्रम पुठ्ठ्यासारखे कोरडे, कीबोर्ड एका कोपऱ्यात, फिशचा आवाज मधूनच मिक्सवर तरंगणारा. ‘ग्रेन्डेल’मधल्या शांत जागा चांगल्या वाटतात, पण जिथे सगळे एकत्र येतात तिथे सगळंच चेपल्यासारखं होतं. डिसेंबर १९८२ ते फेब्रुवारी १९८३ या काळात लंडनच्या मार्की स्टुडिओत केलेला ‘स्क्रिप्ट’ ऐका. शीर्षकगीत फिशच्या एकट्या आवाजाने सुरू होतं, मग पियानो, आणि सगळे वाजवायला लागतात तेव्हा दालन उघडल्यासारखं वाटतं. ‘चेल्सी मंडे’मध्ये गिटारच्या सोलोला श्वास घ्यायला जागा आहे. चार महिन्यांत पाच जणांनी वाजवण्यात इतकी प्रगती केली नसेल. बदलला तो ऐकणारा आणि मांडणारा कान. ईपी हा स्टुडिओतला पहिला धडा होता, आणि बरं झालं की तो धडा अल्बमच्या खर्चात शिकावा लागला नाही.

दुसरा एक धडा ईपीने तिथेच सांगून ठेवला होता, तो बँडने उशिरा ऐकला. मिक पॉइंटरचं ड्रमिंग. ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ची उडी ज्या ठेक्यावर अवलंबून आहे, तो ठेका १९८२ च्या आवृत्तीत जड पडतो. एप्रिल १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडिअनमध्ये दौऱ्याची सांगता झाली आणि लगेच पॉइंटरला बँडबाहेर जावं लागलं. त्या रात्री ‘ग्रेन्डेल’ वाजलं, आणि ते चित्रित झालेलं आहे. अनेक ड्रमर आले-गेले, शेवटी इयन मोझ्ली स्थिरावला. जानेवारी १९८४ च्या ‘पंच अँड ज्युडी’ सिंगलसोबत बँडने ‘मार्केट स्क्वेअर हीरोज’ आणि ‘थ्री बोट्स’ मोझ्लीसह नव्याने वाजवून दिली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की पहिल्या ईपीत काय कमी होतं ते समजावून सांगायची गरज उरत नाही. ‘ग्रेन्डेल’ मात्र पुन्हा ध्वनिमुद्रित केलं नाही. ते हळूहळू कार्यक्रमांतूनही उतरलं, आणि लोक वर्षानुवर्षं गर्दीतून त्याचं नाव ओरडत राहिले.

निष्पन्न

अल्बम ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. जानेवारी १९८३ चं सिंगल ‘ही नोज यू नो’ ३५ वर, जूनमधलं ‘गार्डन पार्टी’ १६ वर. तीन सिंगलांचे क्रमांक, ६०, ३५, १६, ओळीने ठेवले की बँडचा श्रोता कसा वाढत गेला ते दिसतं. पहिल्या पायरीवर ईपी आहे. तिने नवा श्रोता फारसा आणला नाही, पण जुना श्रोता अल्बमच्या दारापर्यंत समाधानी मनाने आणून सोडला.

अल्बममध्ये नसलेली गाणी सिंगलच्या मागच्या बाजूला द्यायची सवयही इथूनच लागली. ‘ही नोज यू नो’मागे ‘चार्टिंग द सिंगल’ आलं. १९८८ मध्ये अशा मागच्या बाजूंचाच ‘बी’साइड्स देमसेल्व्ह्ज’ हा संग्रह निघाला आणि त्यावर ‘ग्रेन्डेल’ला मानाची जागा मिळाली. पेंड्रागन या आणखी एका प्रोग बँडने १९८४ मध्ये ‘फ्लाय हाय फॉल फार’ ही छोटी रेकॉर्ड आणि १९८५ मध्ये ‘द ज्युअल’ हा पहिला पूर्ण अल्बम काढला. छोट्या रेकॉर्डवर आधी पाय रोवायचे, हा मार्ग त्या पिढीला मानवला.

‘मार्केट स्क्वेअर हीरोज’चं पुढचं आयुष्य तर त्याहून लांब. फिश १९८८ मध्ये बँड सोडून गेला. ऑगस्ट २००७ मध्ये मॅरिलियन एल्सबरीच्या त्याच बाजारचौकात वाजवत होता, आणि फिश मंचावर येऊन हे गाणं गायला. जवळजवळ वीस वर्षांनी. ज्या गाण्याला अल्बमवर जागा नव्हती, तेच गाणं त्या दिवशी निवडलं गेलं, आणि त्या चौकात दुसरं कोणतं निवडणार?

१९९७ च्या पुनर्प्रकाशनात ईपीची गाणी ‘स्क्रिप्ट’च्या दुसऱ्या सीडीवर आली, आणि २०२० च्या मोठ्या आवृत्तीत ईपी नव्याने मिक्स करून अल्बमसोबतच दिली. नव्या मिक्समध्ये तो बुटका आवाज बराच उंच झाला आहे. ‘ग्रेन्डेल’चा मधला भाग पहिल्यांदाच नीट उलगडतो. एकत्र विकायला हे ठीक आहे. ऐकताना मात्र दोन्ही वेगळे ठेवावेत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ‘फॉरगॉटन सन्स’ संपल्यावर लगेच जिगच्या उड्या सुरू झाल्या की सैनिकासाठी म्हटलेल्या त्या शेवटच्या प्रार्थनेचा भंग होतो. सगळं एकत्रच ऐकायचं असेल तर त्याच २०२० च्या संचात मार्की क्लबातली २९ डिसेंबर १९८२ ची मैफल आहे. अल्बमचं ध्वनिमुद्रण तेव्हा सुरू झालेलं, ईपी दोन महिन्यांची. दोन्हींची गाणी तिथे एकाच रात्री, एकाच गर्दीसमोर वाजतात, आणि तिथे ‘ग्रेन्डेल’ कुणाची जागा अडवत नाही, कारण क्लबमधल्या रात्रीला बाजू उलटायची नसते.